स्वस्तातली रेड वाईन, सुट्टीचा दिवस आणि नागपूरचं ऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वाईनमधला जाणकार नाही. नागपूरच्या महाल भागात वाढलो, आता त्रिमूर्तीनगरात राहतो, नोकरी आकडेमोडीची. महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी घरी स्वस्तातली एक रेड वाईन उघडतो. ही बातमी पसरल्यापासून तेच ते प्रश्न येतात. साडूभाऊ विचारतात, ऑफिसातले विचारतात, वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात थांबवून आवाज खाली करून विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. ज्यांची पंचविशी उलटली नाही त्यांनी, गरोदर बायांनी आणि "एकावर थांबणं आपल्याला जमत नाही" हे ज्यांना मनातून ठाऊक आहे त्यांनी हे पान सोडून द्यावं.

स्वस्त म्हणजे किती रुपयांची?

माझ्याकडे हजाराच्या आतली. त्याच्या वर गेलं की घोटागणिक हिशेब सुरू होतो आणि आरामाचा दिवस वाया जातो.

हजाराच्या आत पिण्याजोगी बाटली मिळते ती आपल्याच राज्याच्या कृपेने. सुला, यॉर्क, सोमा या नाशिकच्या. फ्रातेल्लीचे मळे सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे. २००१ साली राज्याने द्राक्ष-वाईनसाठी वेगळं धोरण आणलं, सवलती दिल्या, आणि नाशिक-दिंडोरीचा कायापालट झाला. परदेशी बाटलीवर मात्र आयात शुल्कच वर्षानुवर्षे १५० टक्के होतं. त्यामुळे इथे दोन हजारांना मिळणारी इटालियन बाटली तिच्या गावी आपल्या आठशेवालीच्या पंगतीला बसणारी असू शकते. लेबलवर किल्ल्याचं चित्र आहे म्हणून पैसे घालवू नका.

दुकानात जाऊन मागायचं काय?

गंमत अशी की पाटी "वाईन शॉप"ची, आणि आत वाईन मागितली की काउंटरवरचा पोरगा वर बघतो. व्हिस्की, रम, बिअर, पव्वे, सगळं हाताशी असतं. वाईन असते कोपऱ्यात, वरच्या फळीवर, धूळ खात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो म्हणाला, "मॅडमसाठी पाहिजे का भाऊ?" आणि न विचारता पोर्ट काढून ठेवली.

तर आधी पोर्टबद्दल. आपल्याकडे पोर्ट या नावाने मिळते ती गोड लाल वाईन. पोर्तुगालची खरी पोर्ट वेगळी, तिच्यात द्राक्षाचं कडक मद्य मिसळून ती वीस टक्क्यांच्या आसपास नेलेली असते. गोडच आवडत असेल तर आपली पोर्ट घ्या, त्यात कमीपणा नाही. पण "रेड वाईन म्हणजे खोकल्याचं औषध" हे मत बनवायचं काम बव्हंशी तिचंच आहे.

मी मागतो शिराझ, किंवा कॅबर्ने-शिराझ असं मिश्रण. शिराझ, कॅबर्ने, मर्लो ही द्राक्षांच्या जातींची नावं. शिराझला किंचित मिऱ्याचा वास असतो, आपल्या जिभेला ओळखीचा. मर्लो त्याहून मवाळ. लेबलवर "ड्राय" असेल तर त्याचा अर्थ गोड नाही, इतकाच.

लेबलवरचं साल जरूर बघा. युरोपात द्राक्षं ऑगस्ट-ऑक्टोबरात तोडतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च, कारण पावसाळा संपल्यावर छाटणी होते. म्हणजे लेबलवरचं साल त्या वर्षाच्या सुरुवातीच्या तोडणीचं. हजाराच्या आतली बाटली मुरवण्यासाठी बनवलेली नसते. दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी दिसली, तर "जुनी वाईन चांगली" ही म्हण दुकानातच सोडून दुसरी मागा. आणि काचेच्या कपाटात उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका, सूट मिळाली तरी. मानेला चिकट ओघळ असेल किंवा बूच वर आलेलं दिसत असेल तर तिने एक उन्हाळा भोगलेला आहे.

पहिला घोट तुरट लागला. बाटली खराब आहे का?

बहुतेक नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी खरखरीत होते, गाल आतून ओढल्यासारखे होतात? तोच प्रकार. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं, आणि रेड वाईन सालीसकट आंबवतात. लाल रंगही सालीतूनच येतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंड कोरडं वाटतं. आमच्या साडूभाऊंनी पहिला घोट घेऊन "हे तं कच्चं केळं लागून राहिलं बे" असं जाहीर केलं होतं. निरीक्षण अचूक होतं.

उपाय सोपा. ग्लासात ओतून पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. हवा लागली की धार कमी होते. सोबत दोन खारे शेंगदाणे टाका तोंडात, आणखी कमी होते.

खरोखर खराब असेल तर वास सांगतो. नाकात जाणारा व्हिनेगरचा वास, ओल्या पुठ्ठ्याचा वास, किंवा रंग विटकरी होऊन शिजवलेल्या मुरंब्यासारखी चव. शेवटचा प्रकार नागपुरात जास्त.

"रूम टेम्परेचरला प्यावी" म्हणतात. आपल्या रूमच्या?

नाही! या एका सल्ल्याने विदर्भात जितक्या बाटल्या वाया गेल्या असतील तितक्या कशानेच नसतील. ही "रूम" युरोपातली, दगडी भिंतींची, सोळा-अठरा अंशांची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कूलर लावलेली खोलीसुद्धा तिशीच्या आसपास असते. त्या तापमानाला रेड वाईन गरम सरबतासारखी लागते: अल्कोहोल नाकात जातं, फळाचा वास हरवतो, तुरटपणा वर येतो. स्वस्त वाईनला लोक नावं ठेवतात, त्यातली निम्मी नावं तापमानाची असतात.

स्वस्तातली रेड थोडी जास्तच थंड प्या, चौदा ते सोळा अंश. थर्मामीटर नको. बाटलीला हात लावला तर माठाच्या पाण्याहून जरा गार वाटली पाहिजे, फ्रिजच्या पाण्याइतकी नाही.

उन्हाळ्यात तिशी-पस्तिशीतली बाटली फ्रिजमध्ये दीड-दोन तास. इंटरनेटवरचा "वीस मिनिटं फ्रिजमध्ये" हा सल्ला थंड देशातल्यांचा आहे. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी, दोन्ही. नुसत्या बर्फाला बाटली नीट टेकत नाही. मूठभर मीठ टाकलं तर दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. फ्रीझरमध्ये ठेवून विसरू नका. आमच्याकडे एकदा वटाण्यांवर बूच सापडलं होतं.

आणि आपला देशी उपाय: बाटलीला ओला पंचा गुंडाळून कूलरसमोर ठेवा. वाळ्याच्या ताट्यांमागचंच शास्त्र, पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. कोरड्या एप्रिल-मेमध्ये तीस-पस्तिसाची बाटली पंचविशीपर्यंत येते, पुढचं काम फ्रिजचं. वीज गेली तर पंचा तेवढा ओला ठेवा आणि खिडकीत झुळुकीला लावा. पावसाळ्यात हे चालत नाही. कूलर तरी कुठे चालतो तेव्हा?

डिसेंबर-जानेवारीत मात्र नागपूर युरोपाला लाजवतं. रात्री पारा दहाच्या घरात, आतली खोली अठरा-वीसला. बाटली नुसती टेबलावर ठेवा. रेड वाईन प्यायचा आपल्याकडचा खरा मोसम तोच. अधिवेशनाची गर्दी, हुरडा, आणि घरात स्वेटर घालून एक ग्लास.

बाटली घरात ठेवायची कुठे?

फ्रिजवर नाही. तिथे शोभून दिसते म्हणून सगळे तिथेच ठेवतात, आणि ती घरातली सगळ्यात गरम जागांपैकी एक. गच्चीखालच्या खोलीतलं कपाट नाही, पोटमाळा नाही. दिवाणाखाली, आतल्या खोलीत, जमिनीलगत. फिरकीचं झाकण असेल तर उभी, बुचाची असेल तर आडवी.

माझी चूक सांगतो. एका एप्रिलमध्ये सीताबर्डीहून दोन बाटल्या घेतल्या, स्कूटरच्या डिक्कीत टाकल्या आणि ऑफिसात गेलो. गाडी उन्हात. संध्याकाळी डिक्की उघडली तर एकीचं बूच अर्धा इंच वर, आणि रेनकोट, गाडीचे कागद, शेजारच्या पोराचं वह्यांचं पुडकं, सगळं जांभळं. दुसरी बाटली शाबूत होती. ती उघडली तर काकवी. तेव्हापासून उन्हाळ्यात साठा करत नाही. या आठवड्यात प्यायची तेवढीच, ती पण संध्याकाळी घरी परतताना घ्यायची.

बुचाची बाटली आहे आणि घरात स्क्रू नाही.

शक्य असेल तर फिरकीच्या झाकणाचीच घ्या. ती हलकी असते हा गैरसमज आहे, चांगल्या बाटल्यांनाही तसं झाकण येतं.

अडलंच तर बूच बाहेर काढायच्या भानगडीत न पडता आत ढकला. बाटली मोरीत उभी करा, मानेभोवती फडकं गुंडाळा, लाटण्याचं निमुळतं टोक बुचावर ठेवून सावकाश दाब द्या. शेवटच्या क्षणी पिचकारी उडते, फडकं त्यासाठी. मग चहाच्या गाळणीतून स्टीलच्या पातेल्यात गाळा. गाळणी आधी घासून घ्या, नाहीतर वाईनला आल्याचा वास येतो. आला होता.

वाईनचे ग्लास घ्यावे लागतील का?

नाही. काचेचा कुठलाही ग्लास, अर्ध्याच्या खाली भरलेला. स्टीलही चालतं, फक्त रंग दिसत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यात मात्र ओतू नका, वाईन आंबट असते, ताकासारखीच कळकते.

चखण्याला काय? सावजी मटण चालेल?

हा प्रश्न नागपूरबाहेरच्या कुणी विचारला नसता, आणि नागपुरात कुणी विचारल्याशिवाय राहिला नाही.

मन घट्ट करून सांगतो: नाही. सावजी रस्सा म्हणजे काळपट भाजलेला मसाला, जवसाचं तेल आणि वर तर्रीचा थर. तिखटाची आग अल्कोहोल वाढवतं, आणि आग लागलेल्या जिभेवर टॅनिन सॅंडपेपरसारखं फिरतं. दोन्हींची माती होते. सावजीसोबत बिअर किंवा नुसतं पाणी आणि नाक पुसायला रुमाल. मी तीनदा प्रयत्न करून पाहिला, तिसऱ्यांदा निव्वळ हट्टाने.

टॅनिनला मीठ आणि चरबी आवडते. म्हणून खारे शेंगदाणे, चीजचा क्यूब, भाजलेला पापड, तव्यावर लोण्यात परतलेले मशरूम. मटण हवं असेल तर सुकं करा, तिखट कमी, मिरे जास्त. शिराझबरोबर ते छान जमतं.

पण माझ्या घरचा शोध वेगळाच आहे: वांग्याचं भरीत. विस्तवावर भाजलेलं, धुरकट, कांद्याची पात आणि शेंगदाणे घातलेलं, मिरची बेताची. त्या धुराचं आणि स्वस्त शिराझचं इतकं जमतं की हिवाळ्यात भरीत असलं की मी बाटलीकडे बघतो आणि बायको माझ्याकडे. सांबारवडीही चांगली, गरम असेल तर. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, पुण्यामुंबईच्या वाचकांनी इडलीकडे बघू नये. पाटवडी रश्शाशिवाय खा.

संत्रा बर्फी ड्राय वाईनसोबत खाऊ नका. गोड खाल्ल्यावर वाईन नुसती आंबट लागते. ती बर्फी पोर्टसोबत ठेवा.

बर्फ टाकला तर पाप लागतं का? आणि संत्री?

बर्फाचं पाप नाही, पण वाईन पाणचट होते. त्यापेक्षा बाटलीच थंड करा.

संत्र्याचं मात्र पुण्य आहे. स्पेनमध्ये रेड वाईनमध्ये फळं कापून टाकतात, त्याला सांग्रिया म्हणतात, आणि ती स्वस्तातल्या वाईनचीच करतात. आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृगाचा बहार आणि उन्हाळ्याचं तोंड, योग जुळून येतो. तीन संत्री सोलून, बिया काढून, फोडी जराशा चुरडा. एका संत्र्याचा रस, एक सफरचंद बारीक चिरून, दोन चमचे साखर, कलमीचा म्हणजे दालचिनीचा तुकडा. अर्धी बाटली वाईन ओतून जग फ्रिजमध्ये तीन-चार तास. पिताना थोडा सोडा. साल टाकायची तर किसून नुसता केशरी भाग टाका, आतला पांढरा भाग कडू करतो. उघडून दोन दिवस झालेली, जरा उतरलेली वाईन याला उत्तम.

एक सूचना: हे सरबतासारखं जातं, आणि सरबत नसतं.

वाईन हलकी असते ना? चढत नाही म्हणतात.

आकडेमोड माझा धंदा, तर करून बघू. रेड वाईन साधारण १३ टक्के. दीडशे मिलीच्या ग्लासात साडेएकोणीस मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्के, तिच्या तीस मिलीच्या छोट्या पेगमध्ये जवळपास तेरा मिली. म्हणजे वाईनचा एक ग्लास दीड छोट्या पेगच्या बरोबरीचा, आणि ७५० मिलीची पूर्ण बाटली साडेसात पेगची. "वाईनच तर आहे" म्हणत एकट्याने बाटली संपवणाऱ्याने साडेसात पेग घेतलेले असतात. गाडीला हात लावायचा नाही, कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंतसुद्धा.

आमच्याकडे एक बाटली दोघांत, दोन दिवस. प्रत्येक ग्लासाला एक ग्लास पाणी. उन्हाळ्यात तर हे सक्तीचं, कारण दिवसभर घाम गाळून शरीर आधीच सुकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी डोकं धरण्यात वाईनसोबत त्याचाही हात असू शकतो.

हृदयाला चांगली असते ना?

हा प्रश्न वरच्या मजल्यावरच्या काकांचा. काका, नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. द्राक्षाच्या सालीतल्या ज्या रेसव्हेरॅट्रॉलचा गवगवा होतो, ते वाईनमध्ये अगदी किरकोळ असतं. औषध म्हणून प्यायची असेल तर पिऊ नका, आणि रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मी पितो ती आवडते म्हणून.

दिवसाच्या कुठल्या वेळी?

"आज बसायचं का?" या वाक्यात जी बैठक असते, ती रात्री नऊची, चौघांची, मोठ्या आवाजाची. वाईनची वेळ वेगळी. रविवारी दुपारची झोप झाली, कूलरमध्ये पाणी भरून झालं, ऊन गॅलरीतून उतरलं की साडेपाच-सहा. पुरवणीतलं शब्दकोडं अर्धं राहिलेलं असतं. पाऊण तासाला एक ग्लास, या चालीने. दुपारच्या उन्हात, रिकाम्या पोटी, कधीच नाही.

उरली तर?

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, उभी. तीन दिवस बरी राहते. दुसऱ्या दिवशी कधी कधी आदल्या दिवसापेक्षा छान लागते. अर्धा लिटरच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर हवा कमी लागते, आणखी एक-दोन दिवस मिळतात. त्यानंतर आंबट होते. मग पातळ चिरलेल्या कांद्यावर मीठ-साखरेसोबत ओता, कांदा गुलाबी होतो. सावजीसोबत वाईनला प्रवेश मिळतो तो एवढाच.

परमिट लागतं का? वर्ध्याला नेली तर?

महाराष्ट्रात मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा, आजीवन असे प्रकार आहेत. आजीवन परवाना काढून घ्या, कटकट मिटते. सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये मंजुरी दिली होती, त्यावर इतका गदारोळ झाला की प्रकरण तिथेच थांबलं. तेव्हा किराण्यासोबत शोधू नका. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या आसपास दुकानं बंद असतात, त्याचा अंदाज आधी घ्या.

आणि वर्धा: नेऊ नका. जिल्ह्यात दारूबंदी आहे. गडचिरोलीतही, १९९३ पासून. चंद्रपूरची २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. सासुरवाडी वर्ध्याची असेल आणि उरलेली अर्धी बाटली गाडीत असेल, तर बुटीबोरीच्या आधीच आठवलेलं बरं.

घरात आई-बाबा असतात. कसं करता?

सुरुवातीला लपून केलं. गॅलरीत, स्टीलच्या ग्लासात, "कोकम आहे" म्हणून. कोकम सरबत पिताना कुणी इतका विचार करत नाही, हे आईच्या लक्षात यायला दोन रविवार लागले. ती म्हणाली, "समोर पी, पण देवघराकडे पाठ करू नको आणि पोरांच्या हातात ग्लास देऊ नको." तेव्हापासून समोर. ती बाटलीकडे बघत नाही. भरीत मात्र तीच करते.

लपवण्यातच घाईने पिणं येतं, आणि घाईने पिणं हाच खरा त्रास.

रिकाम्या बाटलीचं काय करता?

भंगारवाला जेमतेम रुपया-दोन रुपये देतो, मनीप्लँट बायकोला नको. पण वाईनची बाटली गडद रंगाची असते, आणि जवसाचं तेल उजेडाने लवकर खवट होतं. हे मी सहज बोललो होतो. पुढच्या रविवारी बाटली गरम पाण्यात बुडवून, लेबल नखाने खरवडून, उन्हात उलटी वाळत घातलेली दिसली. आता ओट्यावर अशा तीन आहेत. लेबल नीट निघत नाही. एकीवर "शिराझ"मधला "शि" अजून चिकटलेला आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एक काकू त्या बाटलीकडे बराच वेळ बघत राहिल्या. आईने शांतपणे झाकण काढलं, वाटीत तेल ओतलं आणि म्हणाली, "घरचंच आहे. चटणीवर घालू का?"